कोरमबाईंची मोजणी

विधिमंडळाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चार नंबरची खोली आहे. तिथे कायद्यांचा अभ्यास होतो, असं दारावरची पाटी म्हणते. कोरमबाई म्हणायच्या, "अभ्यास कसला डोंबलाचा! इथे कायदे झोपायला येतात. आणि अंगाई म्हणणारी ही मी." असं म्हणून त्या स्वतःकडे बोट दाखवायच्या आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायच्या.

एकोणीस वर्षं त्या या खोलीतल्या समितीच्या लिपिक होत्या. तेरा सदस्यांना पत्रं पाठवायची, फायली लावायच्या, कोण काय बोललं ते लिहून काढायचं आणि मतदानाआधी दाराशी उभं राहून डोकी मोजायची. तेरापैकी निदान सात जण खोलीत हवेत, त्याला म्हणतात कोरम. सात भरले नाहीत की मतदान नाही, विषय गेला पुढच्या अधिवेशनावर. बाईंनी आकडा सांगायचा आणि अध्यक्षांनी तो मोठ्याने म्हणायचा. आपल्या शब्दामागे एवढा मोठा माणूस शब्द म्हणतो, हे सुख त्यांना घरात कधी मिळालं नव्हतं. नवऱ्याला त्या बावीस वर्षं सांगत होत्या, सिगरेट सोडा. त्याने जग सोडलं, सिगरेट नाही.

नाव पडलं ते पहिल्याच दिवशी. नवे कपडे, नव्या चपला. गुरांच्या दवाखान्याच्या वेळा बदलण्याचा ठराव होता. बाईंनी डोकी मोजली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सात!" हात वर झाले, ठराव मंजूर झाला, आणि तेवढ्यात एक म्हातारे सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आम्ही तर सहाच आहोत. सातवं कोण?" बाईंनी पुन्हा मोजलं. सातव्या त्या स्वतः होत्या. सदस्य पोट धरधरून हसले. ठराव रद्द झाला, गुरांचं पुढे काय झालं देव जाणे, पण बाईंचं नाव कोरमबाई पडलं ते पडलंच. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. काही झालं तरी स्वतःला मोजायचं नाही.

आणि मोजलं नाही हो! त्यातच तर सगळी गंमत झाली.

सहा वर्षांपूर्वी खोलीत एक विधेयक आलं. त्या दिवसाच्या पत्रिकेवर ते सहावं होतं, म्हणून त्याला सगळे 'विषय क्रमांक सहा' म्हणायला लागले, आणि पुढे ते कितव्याही नंबरावर आलं तरी त्याचं नाव सहाच राहिलं. कारण खरं नाव घ्यायला जीभ कुणाची रेटत नव्हती. विषय होता गर्भपाताच्या कायद्याचा. चालू कायदा म्हणतो, वीस आठवडे उलटले की गर्भपात करता येणार नाही, आईचा जीवच जात असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्ती होती अवघी दीड पानाची. पोटातलं बाळ जन्मून जगणारच नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तिथे आठवडे मोजू नका. बस्स, एवढंच. ती आणली होती मास्तरीणबाईंनी. या समितीच्या सदस्य, पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि तो शब्द मोठ्याने उच्चारणाऱ्या त्या खोलीतल्या एकट्या.

विरोध कुणाचाच नव्हता. व्हरांड्यात गाठून एकेकाला विचारा, जो तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचा, "झालं पाहिजे हो, खरं तर." पण हात वर केला की नाव छापून येणार. होय म्हणावं तर देवाधर्माची मंडळी मतदारसंघात पाऊल ठेवू देणार नाहीत. नाही म्हणावं तर घरोघरच्या बायका धारेवर धरणार. त्यामुळे सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, की मतदानच होऊ नये आणि ते कुणामुळे झालं नाही हेही कुणाला कळू नये.

ही सोय करून दिली कोरमबाईंनी. पहिल्यांदा अगदी नकळत. चहाची ट्रॉली आणताना बाजूच्या खोलीच्या दारातच तिचं चाक निखळलं. आता किटली उचलून नेणार कोण? बाईंनी कप तिथेच मांडले आणि सगळ्यांना तिकडे बोलावलं. त्या खोलीच्या खिडकीतून खाली गाड्या उभ्या केलेल्या दिसतात, आणि माणसाला आपली गाडी दिसली की घर आठवतं. चहा झाला, एक जण सटकला, मग दुसरा, मग तिघं मिळून. बाईंनी परत येऊन मोजलं तर पाच. "कोरम नाही," त्या म्हणाल्या. "कोरम नाही," अध्यक्षसाहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बस्स. जाताना बाईंजवळ थांबून म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला, बाई!"

पुढच्या अधिवेशनात सहावा विषय आला तसे अध्यक्षसाहेब नुसते खाकरले. "बाई, चहा बघा जरा." ट्रॉलीचं चाक केव्हाच दुरुस्त झालं होतं. बाईंनी चहा बाजूच्या खोलीत मांडला. नंतर आणखी दोनदा. चौथ्या खेपेनंतर अध्यक्षांनी बाईंच्या गुडघ्यांसाठी गादीची खुर्ची मागवून दिली. अख्ख्या मजल्यावर लिपिकाला गादीची खुर्ची फक्त यांनाच! त्या खुर्चीवर बसून कोरमबाई वाफाळता चहा प्यायच्या आणि मनात म्हणायच्या, लोक आयुष्यभर भाषणं करून मरतात, आम्ही किटली चार हात सरकवून राज्य चालवतो.

घरी तर ही गोष्ट त्या रंगवून रंगवून सांगायच्या. मुलगी त्यांची एकुलती एक. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. रविवारी दोघं जेवायला आली की मुलगी हटकून म्हणायची, "आई, याला सहा नंबरची गोष्ट सांग ना!" मग बाई उठून अध्यक्षांसारख्या खाकरायच्या, पहिलवानासारख्या पोट पुढे काढून दारातून सटकायच्या. पहिलवान म्हणजे तरुणपणी कुस्ती खेळलेले एक सदस्य, आताही दारातून तिरके जायचे. जावई ठसका लागेपर्यंत हसायचा. तो विषय कसला होता, हे बाईंनी कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. लपवायचं म्हणून नव्हे. बाईंना फायलीचा फक्त नंबर लक्षात राहायचा. आत काय आहे ते वाचत बसलं तर काम कधी उरकायचं?

मग लेकीला दिवस गेले. लग्नाला सात वर्षं झाल्यावर. बाईंनी ऑफिसात पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. अध्यक्षसाहेबांनीसुद्धा अभिनंदन केलं.

एका गुरुवारी त्या लेकीबरोबर तपासणीला गेल्या. जावई कुठल्याशा अठरा मजली इमारतीत लोंबकळत होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं, मग यंत्र बाजूला ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या. बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती. भोवती पाणी नव्हतं, त्यामुळे फुप्फुसं वाढणार नव्हती. पोटात आहे तोवर ते जगेल. बाहेर आल्यावर काही मिनिटं, फार तर तास-दोन तास. यावर उपाय नाही.

मुलगी म्हणाली, "मग आता?"

"वीस आठवड्यांच्या आत कळलं असतं तर गर्भपात करता आला असता. तुम्हाला एकविसावा संपत आलाय. आता कायद्याने माझे हात बांधलेत. दिवस पूर्ण भरेपर्यंत थांबायचं." डॉक्टरीणबाई थकलेल्या आवाजात बोलत होत्या. "कायदा बदलायचं चाललंय म्हणतात. सहा वर्षं विधिमंडळात कायदे अभ्यासणाऱ्या समितीत पडून आहे. कोण अडवतंय कुणास ठाऊक."

आणि रडता रडता मुलीचे डोळे एकदम चमकले. "माझी आई त्याच समितीत आहे!" ती म्हणाली. "आई, तू काहीतरी कर ना!"

डॉक्टरीणबाईंनी कोरमबाईंकडे मोठ्या आशेने पाहिलं. कोरमबाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला गादीच्या खुर्चीसकट पोटात घ्यावं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मुलगी अर्ध्या जिन्यावर थांबली. कठडा धरून तिने विचारलं, "आई, ती सहा नंबरची गोष्ट. चहाची. तो विषय कुठला होता?"

जन्मभर चटचट उत्तरं देणाऱ्या बाईंना खोटं बोलायचंही सुचलं नाही, नाहीतर तेही बोलल्या असत्या. "हाच," त्या म्हणाल्या.

मुलगी कठडा सोडून हळूहळू उतरत गेली. बाई मागून येत होत्या, आणि त्यांना नको असताना पहिलवानाची नक्कल आठवत होती, आणि या पोरीचं खिदळणंही.

सुदैव म्हणा, दुर्दैव म्हणा, येत्याच मंगळवारी समितीची बैठक होती आणि पत्रिकेवर सहावा विषय होता. मंगळवारी समितीतून सुटलं तर शुक्रवारी सभागृहात जाणार होतं. तिथे नाव छापून येत नाही, सगळे एकदम 'होय' ओरडतात, त्यामुळे तिथे अडणार नव्हतं. पंधरवड्यात कायदा लागू झाला असता. पोरीचे साडेतीन-चार महिने वाचले असते. सात डोकी हवी होती, फक्त सात.

कोरमबाई कामाला लागल्या. सहा वर्षं कोरम पाडायला जी अक्कल खर्चली ती आता जमवायला लावली. पहिलवानांना फोन करून सांगितलं, फोटोवाले येणार आहेत. दुसऱ्या एकाला सांगितलं, तुमच्याविषयी काहीतरी चर्चा आहे म्हणे, नक्की या. थापा मारताना त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. लाज आधीच संपली होती. मंगळवारी सकाळी ट्रॉलीच्या चाकाला तेल घातलं, किटली थेट चार नंबरच्या खोलीत टेबलाजवळ आणून ठेवली, बाजूच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्सच्या तळाशी टाकली.

दहा जण आले! बाईंना वाटलं, गड जिंकला.

पाच विषय भराभर उरकले. सहावा पुकारला. मास्तरीणबाई दीड पान वाचायला लागल्या. अध्यक्षसाहेब खाकरले. "बाई, चहा बघा जरा."

"बघितला, साहेब. इथेच आहे. गरम आहे."

साहेबांनी भुवया उंचावल्या. मग एकाच्या खिशात न वाजलेला फोन वाजला आणि तो कानाला लावून बाहेर गेला. पहिलवानांना फोटोवाले कुठे अडकले ते बघायचं होतं. तिसऱ्याला लघवीला लागली. कोरमबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. चहाची गरजच उरली नव्हती, मंडळी इतकी तयार झाली होती. गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय!

सात राहिले. मास्तरीणबाई शेवटच्या परिच्छेदावर होत्या. तेवढ्यात डॉक्टरसाहेब उठले. हे राजकारणात येण्याआधी तीस वर्षं दवाखाना चालवलेले सदस्य. व्हरांड्यात "झालं पाहिजे हो" सगळ्यात मोठ्याने तेच म्हणायचे. कोरमबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही सातवे आहात."

"दोन मिनिटांत आलो, बाई."

"साहेब, माझी मुलगी आहे हो." त्यांचा आवाज फाटला. "एकवीस आठवडे झालेत. बाळाला मूत्रपिंडंच नाहीत. तुम्हाला कळतं, मला काय सांगायचंय ते. एक हात वर करा. पाया पडते."

डॉक्टरसाहेबांचा चेहरा खरंच पडला. ते वाईट माणूस नव्हते, बाईंना हे नंतरही कबूल होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप यायचा. "बाई, मी मनाने तुमच्याच बाजूचा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण दोन महिन्यांवर निवडणूक आहे. तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तर सगळं जाणताच." आणि बाईंच्या खांद्याला हलकेच बाजूला करून ते गेले.

वाचन संपलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "बाई, मोजा."

कोरमबाईंनी मोजलं. अध्यक्ष, मास्तरीणबाई, आणखी चौघं.

"सात," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी टेबलावरून नजर फिरवली. मग त्यांना हसू आलं, आणि बाकीचेही हसायला लागले. "अहो कोरमबाई! एकोणीस वर्षांनी पुन्हा स्वतःला मोजलंत!"

"हो, मोजलं," बाई म्हणाल्या. "चुकून नाही मोजलं. इथे सगळ्यांना मत आहे, नियम आहे, मतदारसंघ आहे. तो विषय मात्र माझ्या घरात आहे. मला मोजा."

हसणं थांबलं. मास्तरीणबाई मुळी हसल्याच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या. अध्यक्षसाहेब मायेने म्हणाले, "बाई, नियम तुम्हाला सांगायला हवा का?"

"नको, साहेब. पाठ आहे."

"मग लिहा. कोरमअभावी पुढच्या अधिवेशनावर."

बाईंनी लिहिलं. पण या वेळी जरा सविस्तर लिहिलं. कोण किती वाजून किती मिनिटांनी काय सांगून बाहेर गेलं, कुणाचा फोन वाजलाच नव्हता, कोण जाताना काय म्हणालं. मागच्या चारही बैठकांच्या तारखा लिहिल्या, आणि खाली लिहिलं, 'चारही वेळा चहा बाजूच्या खोलीत ठेवला तो समितीच्या लिपिकेने, म्हणजे मीच.' अध्यक्षसाहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली. इतिवृत्त छापून गेलं. पेपरात दीड दिवस गाजलं. मग निवडणूक आली आणि डॉक्टरसाहेब पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले. कोरमबाईंकडे लेखी खुलासा मागवला गेला आणि बदली झाली तळघरात, जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे. गादीची खुर्ची वरच राहिली. गुडघ्यांनी त्यांना चार शिव्या घातल्या, बाईंनी ऐकून घेतल्या.

या पराक्रमाचा लेकीला कणभर उपयोग झाला नाही. तिचं पोट वाढत गेलं. दुकानात चष्म्याला येणारी माणसं कौतुकाने विचारायची, "कितवा महिना? मुलगा हवा की मुलगी?" ती काच घासता घासता सहावा म्हणायची, सातवा म्हणायची. एक दिवस एका आजीबाईंनी बाळासाठी विणलेलं टोपरं आणून दिलं, त्यानंतर ती दुकानात गेली नाही. आईशी ती बोलत नव्हती असं नाही. दार उघडायची, "बस" म्हणायची, मग पलीकडच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. कोरमबाई रोज जायच्या, भांडी घासायच्या, कपडे वाळत घालायच्या. पहिल्याच दिवशी जावयासाठी चहा टाकायला त्यांनी गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि परत उतरवून ठेवलं. त्या घरात त्यांनी नंतर कधी चहा केला नाही. जावयाने एकदाच म्हटलं, "आई, ती गोष्ट ऐकून मीही हसलो होतो." तेवढंच.

पस्तिसाव्या आठवड्यात कळा आल्या. दुपारची वेळ होती. मुलगी झाली. नाक-डोळे नीट, केस दाट, रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला तिच्या आईच्या छातीवर ठेवलं आणि बाजूला झाल्या. जावयाने तिची मूठ आपल्या काळ्या पडलेल्या बोटाभोवती गुंडाळून घेतली. कोरमबाई सवयीने दाराशीच उभ्या राहिल्या. तेवीस मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं आणि मिनिटं मोजायची नाहीत असं ठरवूनही त्यांनी मोजली. मोजण्यापलीकडे त्यांना येत तरी काय होतं?

बऱ्याच वेळाने नर्स कागद घेऊन आली. जन्माचा एक, मृत्यूचा एक. चाचरत तिने विचारलं, "लिहावं लागतं म्हणून विचारते. आम्ही सोडून त्या वेळी खोलीत किती जण होते?"

कोरमबाईंनी मोजलं. लेक, जावई, बाळ. "तीन," त्या म्हणाल्या.

"चार," मुलगी म्हणाली. तिने बाळावरची नजर काढली आणि कित्येक महिन्यांनी आईकडे सरळ पाहिलं. "आई, तू स्वतःला मोजलं नाहीस."

नर्सने चार लिहिलं. कोरमबाई दार सोडून आत गेल्या.